डबा न विटता पोचेल तिथवर

इंदूरात चारचाकी चालवणारं कुणीही धरा, आमच्या जयसिंगरावनं शिकवलेलं निघायची शक्यता बरीच. जयसिंगराव म्हणजे माझा धाकटा भाऊ. लोकमान्य नगरातून रोज सकाळी त्याची पांढरी गाडी निघते. मागच्या काचेवर ‘शिकाऊ चालक, दया करा’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. उजवीकडं घामानं थबथबलेली कुणीतरी नवी सून नाहीतर रिटायर झालेले काका, आणि डावीकडं हा, मिशीला पीळ देऊन बसलेला. त्या डाव्या सीटसमोर एक जादा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला की हा तो दाबतो. तीसेक वर्षं दाबतोय. त्यामुळं झालंय असं, की त्याचा उजवा पाय आता त्याचा राहिलाच नाही. सिनेमात ट्रक समोरून आला, पाय दाबला. बायकोनं आवाज चढवला, पाय दाबला. पोरीनं बारावीत गणित सोडते म्हटलं, तेव्हा तर चपलेचा अंगठाच तुटला.

आणि मजा बघा, अख्ख्या शहराला गाडी शिकवणारा हा माणूस स्वतः देवास-उज्जैनच्या पुढं जाईना. “काय ठेवलंय ताई तिकडं? धड पोहे मिळत नाहीत.” झालं. विषय संपला.

आमच्या घराण्याचं दुखणंच ते. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, पार कुठं कुठं जाऊन आलेले. त्यांनी आपल्या बहिणीला खूप लांब दिली. एकदा सणाला माणसाबरोबर तिला श्रीखंड पाठवलं, ते वाटेत आंबलं. सासरच्यांनी हसत हसत गुरांपुढं ओतलं, आणि ती बिचारी त्यानंतर माहेराकडं कधी काही मागेना. तेव्हा पणजोबांनी नियमच करून टाकला: आपल्या घरची पोरगी द्यायची, तर आपल्या चुलीवरचा डबा न विटता पोचेल तिथवरच.

तेव्हापासून आमच्या घरच्या मुली देवास, उज्जैन, धार. मला तर महूला दिली. इंदूरला आईनं कढी फोडणीला टाकली तर मला महूला ठसका लागावा, इतकं जवळ. वडील दर आठवड्याला डबा घेऊन हजर. झाकण उघडलं की वाफ. सुख होतं, नाही म्हणत नाही. पण सासूबाई एकदा वडिलांच्या तोंडावरच म्हणाल्या, “व्याहीबुवा, तुम्ही इथंच खाट टाका ना, येण्याजाण्याचे कष्ट कशाला?”

तर अशा या घरात मधुरिमानं, जयसिंगरावच्या एकुलत्या एका पोरीनं, जाहीर केलं की तिला पुष्करशी लग्न करायचंय. पुष्कर ग्वाल्हेरचा.

यात माझा हात आहे असं जयसिंगराव सगळ्यांना सांगतो. हात माझा नाही, कान माझ्या कुत्र्याचा. त्याचा कान फुटला होता, तेव्हा आमच्या महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकणारा हा पुष्कर रोज औषध घालायला यायचा. मधुरिमा त्या वर्षी आत्याकडं फारच यायला लागली. मला वाटलं कुत्र्यावर माया. कुत्रा बरा झाला तरी दोघं त्याचा कान तपासत बसायचे, तेव्हा मी स्वतःलाच म्हटलं, लक्ष्मीबाई, मामला गडबड है. पुढं पुष्कर डॉक्टर झाला, ग्वाल्हेरला गेला, तिथं गाई-म्हशींचा दवाखाना काढला. मधुरिमा विजय नगरातल्या कंपनीत लागली, कॉम्प्युटरवरचं काम, कुठूनही होतं म्हणे.

“ग्वाल्हेर?” जयसिंगरावचा पाय खुर्चीखाली दबला. “शिंद्यांच्या गावात? होळकरांचं मीठ खाल्लंय आपण!”

“बाबा, आता दोन्हीकडं पॅकेटमधलंच मीठ आहे,” मधुरिमा म्हणाली.

“रात्रभराची गाडी आहे बेटा. डबा सकाळपर्यंत आंबून जाईल.”

“विमान आहे ना! सव्वा तास. इथून बसलं की तिथं.” तिनं फोन पुढं केला. नकाशावर इंदूर, ग्वाल्हेर आणि मध्ये एक सरळ रेघ. “रस्त्यानं गेलं तर केवढं वळण, आणि वरून बघा किती कमी.”

“वरून सगळंच कमी दिसतं. आणि सव्वा तास कुणाचा? विमानाचा. माणसाचा नाही. इथून एरोड्रम, तिथं आधी जाऊन बसा, बॅगा तपासा, मग उडा, मग उतरा, मग त्यांच्या गावात शिरा. गाडी चालवायचा वेळ वेगळा आणि पोचायचा वेळ वेगळा, हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो.”

मला हे खोटं म्हणता येईना. पोरीच्या डोळ्यांत पाणी. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, पळून बिळून जाणार नाही, बाबा राजीखुशीनं हओ म्हणतील तेव्हाच. आणि हा बाबा ब्रेकवर पाय ठेवून बसलेला.

तेवढ्यात सुलोचना बोलली. सुलोचना म्हणजे माझी भावजय. अमरावतीची. बोलते कमी, पण बोलली की कुकरच्या शिट्टीसारखी, एकदाच आणि वेळेवर. भुट्टे सोलता सोलता म्हणाली, “अहो, माझं माहेर अमरावती. इतक्या वर्षांत तिथून माझ्यासाठी एक डबा आला नाही. यायचा कसा, विटला असता. मला आणताना कुणी अंतर मोजलं होतं?”

जयसिंगराव मिशी चावायला लागला. खरंच की. नियम घरच्या मुलींसाठी होता. सुनांचं माहेर किती लांब, ते पणजोबांपासून आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

“ठीक आहे,” शेवटी तो म्हणाला. “मी अडून बसणारा बाप नाही. परीक्षा घेऊ. घरचा कीस सकाळी करायचा, बर्फ-बिर्फ काही नाही, साधा डबा. विमानानं ग्वाल्हेरला न्यायचा, पुष्करच्या घरी उघडायचा. चांगला निघाला तर हओ. विटला तर मग माझ्याशी वाद नाही.”

आता भुट्ट्याचा कीस म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगते. कोवळे भुट्टे किसायचे, तुपात हिंग-जिरं-मिरची टाकून परतायचे, मग दूध घालून आटेपर्यंत ढवळत बसायचं. त्या दुधामुळं तो लाडावलेल्या पोरासारखा, जरा उकाडा झाला की बिघडला. भाद्रपदातलं ऊन डोक्यावर. मुद्दाम निवडलं होतं बेट्यानं! चकल्या न्या म्हटला असता तर पायी गेलो असतो.

बरोबर मी. कारण एकट्यानं विमानात बसायची त्याची हिंमत नव्हती, आणि असं म्हणायची त्याहून नव्हती. म्हणाला, “ताई, तुला एकदा विमान दाखवून आणतो.”

सुलोचनानं सकाळी कीस केला, तीन ताळी स्टीलच्या डब्यात भरला, वरून कोथिंबीर-खोबरं. लिंबू आणि वरून भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी वेगळी. विमानतळावर तपासणीच्या मशीनमधून डबा गेला, तर तिथल्या जवानानं विचारलं, “इसमें क्या है?” सरळ भाजी म्हणायचं ना! नाही. जयसिंगरावनं भुट्टा निवडण्यापासून सुरुवात केली. दूध कधी घालायचं इथवर आला, तेव्हा मागची रांग ओरडायला लागली. जवान म्हणाला, “अंकल, समझ गया, जाइए.”

आत जाऊन बसलो, आणि घोषणा झाली. विमान उशिरा येणार. किती उशिरा? काही सांगेनात.

मी म्हटलं, झालं, जिंकला हा. आता मिशीतल्या मिशीत हसेल. पण नाही हो! तो डबा मांडीवर घेऊन बसला, झाकणाला हात लावला, आणि चेहरा पडला. “ताई, आत घाम धरलाय. झाकणाचं पाणी खाली पडलं तर संपलं.”

“मग पडू दे की. तुला तेच पाहिजे ना?”

“मी परीक्षक आहे. परीक्षा फेअर झाली पाहिजे.”

असं म्हणून परीक्षक उठला आणि जिथं एसीची हवा पडत होती तिथं, बरोब्बर खाली, डबा डोक्यावर धरून उभा राहिला. लोक बघताहेत. मी पदर तोंडावर घेऊन हसतेय. “जयसिंगराव, परीक्षक की परीक्षेला बसलेला?” तर माझ्यावरच डोळे वटारले. मग परत येऊन त्यानं तिन्ही ताळ सुटे केले, झाकणं काढली, रुमालानं वारा घालायला लागला. आजारी पोराला घालतात तसा. तेव्हा मला कळलं, याला पोरगी लांब द्यायची नाही हे खरं, पण तिचं तोंड पडलेलं बघायचं नाही, हे त्याहून खरं. नियमाच्या मागं लपून बसला होता इतके दिवस.

आणि इथंच घोटाळा झाला. झाकण उघडलं, वास सुटला. हिंग, तूप, कोवळा भुट्टा. समोरच्या खुर्चीवरून एक बाई उठून आली. “सर! ओळखलं नाही? मी शिखा. राजवाड्याच्या गर्दीत तुम्ही मला गाडी उलटी काढायला लावली होती. सर, कीस आहे ना?”

आता सांगा, इंदूरच्या माणसानं डबा उघडलाय, समोर माणूस उभा आहे, वास घेतोय. तो काय म्हणणार? झाकण लावणार? अहो, आमच्याकडं असं झाकण लावण्यापेक्षा माणूस विमानाखाली झोपेल. “घे ना बेटा, चाखून बघ,” जयसिंगराव म्हणाला. चाखून बघ, म्हणजे एक चमचा. शिखा ऑफिसच्या लोकांबरोबर होती. त्यांना सोडून एकटी कशी खाणार? त्यांच्या शेजारी एक आजोबा होते, त्यांनी नुसतं बघितलं. नुसतं बघितलं तर वाढलंच पाहिजे. मग “भिया, आप भी लो”, मग “दीदी, थोडा सा”, मग कुणीतरी जीरावन मागितलं, मग लिंबू पिळलं गेलं. वाहवा काय झाली! “सर, क्या बात है, भाभीजी के हाथ में जादू है!” जयसिंगराव फुलून वाढतोय, लग्नातल्या यजमानासारखा. मीही खाल्ला. कशाला खोटं बोलू, दोनदा घेतला.

विमान लागलं तशी घोषणा झाली. आम्ही डब्यात बघितलं. तिसऱ्या ताळात तळाला दोन दाणे आणि कोथिंबिरीचं एक पान.

“ताई,” जयसिंगराव म्हणाला.

“हं,” मी म्हटलं.

“आता?”

विटला नाही, पोचलाही नाही. परीक्षेचा पेपर विद्यार्थ्यांनी खाऊन टाकला.

विमान लहानसं, पंख्यांचं. ते धावायला लागलं तसा जयसिंगरावचा पाय सुरू झाला. पुढची सीट अशी दाबली की पुढचे गृहस्थ मागं वळून म्हणाले, “भाईसाहब, मैं नहीं चला रहा हूँ.” वर गेल्यावर मी खिडकीतून बघत बसले. हिरवी शेतं, मध्येच चमकणारी नदी, मुंगीएवढी गावं. जन्मभर महू-इंदूर, इंदूर-महू केलेली मी, माझं तर हसूच थांबेना. चहा प्यायला, जरा मान टेकली, तर बाई म्हणते पट्टा बांधा, ग्वाल्हेर आलं. जयसिंगराव घड्याळाकडं बघत होता. “पोचलो सुद्धा?” त्याच्या तोंडून निघून गेलं. मग मला म्हणाला, “तू ऐकलं नाहीस.”

ग्वाल्हेरच्या विमानतळाबाहेर पुष्कर गाडी घेऊन उभा. उंच, लाजरा, खिशाला अजून थर्मामीटर लटकलेलं. पाया पडला. जयसिंगराव रिकामा डबा पाठीमागं लपवून म्हणाला, “चला.” आणि सवयीनं डावीकडं पुढं जाऊन बसला. मी मागं. मी म्हटलं, खरी परीक्षा आता.

रस्त्यात अचानक एक म्हैस आडवी आली. जयसिंगरावचा पाय उचलला गेला. मी बघत होते. पण पाय खाली यायच्या आधीच गाडी थांबलेली होती. धक्का नाही, हॉर्न नाही. पुष्कर काच खाली करून म्हशीला म्हणाला, “चल गं बाई, घरी जा.” ती गेली.

जयसिंगरावचा पाय हवेतच राहिला. मग त्यानं तो हळूच खाली ठेवला. कुठंही न दाबता.

लष्कर भागात पुष्करचं घर. दारात त्याची आई, रमाताई. बसायच्या आधीच जयसिंगरावनं डबा पुढं ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. नियम, परीक्षा, उशीर, शिखा, आजोबा, सगळं. सांगताना कान लाल. “वाटेत संपला,” म्हणाला. “रिकामा डबा घेऊन पोरीच्या सासरी... म्हणजे तुमच्याकडं आलो. माफ करा.”

रमाताईंनी डबा उघडला, तळाचे दोन दाणे पाहिले आणि इतकं हसल्या, इतकं हसल्या, की खुर्ची धरावी लागली. “दादा, तुम्ही म्हणताय अंतर जास्त आहे. तुमचा डबा तर घरातून निघून गावाबाहेर सुद्धा पडला नाही!”

पुष्कर मात्र हसला नाही. विचार करून म्हणाला, “काका, म्हणजे परीक्षा राहिलीच ना? मग उलटी घेऊ. उद्या तुम्ही परत जाणार. मी सकाळी कीस करतो. तुम्ही इंदूरला न्या. अंतर तर तेवढंच आहे.”

“तुला येतो?”

“नाही. पण म्हशीचं बाळंतपणही आधी येत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो ठेल्यावरून भुट्टे घेऊन आला. रमाताई म्हणाल्या, “आम्ही भाजून खातो बाई, किसायचं हे इंदूरचं फॅड.” फोनवर सुलोचना, तिकडून बघतेय, सूचना देतेय. आणि जयसिंगराव? ज्यानं जन्मात स्वतःचा चहा गाळला नाही, तो किसणी घेऊन बसला. बोटं सोलून घेतली. पुष्कर कढईपाशी, हा डावीकडं उभा. “आच कमी! आता दूध. हळू, हळू सोड... बस!” अगदी क्लच सोडायला शिकवतो तसं. पोरगाही “हो सर, हो सर” करत ढवळतोय. काका म्हणत होता, कधी सर म्हणायला लागला ते दोघांनाही कळलं नाही.

डबा भरायची वेळ आली, तर रमाताईंनी स्वतःचा पितळी डबा काढला. “तुमचा स्टीलचा राहू दे इथं. पुढच्या वेळी न्या.”

परतीचं विमान वेळेवर. पण जयसिंगरावनं डबा असा पोटाशी धरला होता की जणू आत दागिने आहेत. शेजारच्या सीटवर एक गुबगुबीत गृहस्थ. त्यांनी नाक वर केलं. “कुछ बढ़िया चीज़ है भिया?” इंदूरचाच निघाला! मी श्वास रोखला. जयसिंगरावच्या कपाळावर घाम. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस डब्यावर हात ठेवून म्हणाला, “दवाई है. जानवरों की.” आणि मग उरलेला सगळा प्रवास त्या गृहस्थाला तोंड दाखवायची लाज वाटून खिडकीकडं बघत बसला. पायाची आठवणच राहिली नाही त्याला. विमान टेकलं, धावलं, थांबलं. पुढची सीट जशीच्या तशी.

घरी मधुरिमा दारातच. ऑफिसला सुट्टी टाकून सकाळपासून फक्त नखं खाल्ली होती तिनं. जयसिंगरावनं पितळी डबा सुलोचनाच्या पुढ्यात ठेवला. “तूच उघड. मी यात आता परीक्षक नाही. मी किसलंय.”

सुलोचनानं झाकण काढलं. वाकून वास घेतला. चमच्यानं थोडा घेऊन तोंडात घातला, डोळे मिटले. मधुरिमानं माझा हात धरला, दुखेपर्यंत.

“जिरं करपलंय,” सुलोचना म्हणाली.

“ते मीच सांगितलं, अजून थोडं होऊ दे,” जयसिंगराव घाईघाईनं म्हणाला. “त्याची चूक नाही.”

“मीठ कमी आहे.”

“ते लावता येतं गं वरून. विटलाय का ते सांग!”

सुलोचनानं ताटली घेतली, चांगला दोन डाव कीस वाढून घेतला, लिंबू पिळलं आणि खुर्चीवर नीट मांडी घालून बसली. आमच्याकडं ती आधी सगळ्यांना वाढते, मग उरलं तर खाते. त्या दिवशी कुणाला विचारलं नाही. शांतपणे घास घास खात राहिली. मग म्हणाली, “वन्सं, बाहेरगावाहून माझ्यासाठी आलेला हा पहिला डबा.”

मी तोंड वळवलं. मला कांदा नसतानाही डोळ्यांचा त्रास होतो कधी कधी.

मधुरिमा हळूच म्हणाली, “बाबा?”

जयसिंगरावनं तिच्याकडं बघितलं नाही. त्यानं उरलेला कीस पातेलीत काढला, पितळी डबा उचलला, नळाखाली धरला, स्वतः घासला. सोललेल्या बोटांनी. पुसून ओट्यावर ठेवला, त्याच्याकडं बघत उभा राहिला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत आमच्यात, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“सुलोचना,” तो म्हणाला, “आता यात काय भरायचं?”

मधुरिमानं जी किंकाळी मारली, ती महूला ऐकू गेली असणार. माझा कुत्रा नक्की भुंकला असेल.

“आणि या वेळी,” मी म्हटलं, “झाकणाला कुलूप लावा, जयसिंगराव. वाटेत इंदूर आहे.”